पावाची पेटी आणि मागची गाडी

दर बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. मी तिथे सायकलने जातो आणि सायकलच्या मागे दोन चाकांची एक छोटी गाडी जोडलेली असते. लोखंडी चौकट, त्यात टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट, मागे लाल दिवा आणि एका काठीला बांधलेलं नारिंगी फडकं. बाजारात लोक थांबवून विचारतात. प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, कुठून आणली? दुसरा, केवढ्याला पडली? आणि तिसरा, थोड्या काळजीच्या आवाजात, "सर, स्कुटी विकली काय?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्या प्रश्नात आमच्या घराची सगळी कहाणी आहे. ती सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझे अब्बा पाव विकायचे. जुन्या नाशकातल्या एका बेकरीतून फजरच्या नमाजनंतर माल उचलायचा, पत्र्याची मोठी पेटी सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायची आणि निघायचं. भद्रकाली, दूधबाजार, मग पूल ओलांडून पंचवटी. लादी पाव, ब्रून, खारी, बटर, सणासुदीला नानकटाई. येताना पेटी हलकी असायची, पण चढ समोर असायचा. नाशिक हे नाव नऊ टेकड्यांवरून, म्हणजे 'नवशिखा'वरून पडलं असं काही जण सांगतात. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. नदीकाठावरून जुन्या गावात सायकल चढवणाऱ्याला मात्र ते पटकन पटतं. अब्बा तिथे उतरायचे आणि सायकल ढकलत वर यायचे.

ही फक्त धंद्याची सायकल नव्हती. आमच्या घरात दुसरं वाहनच नव्हतं. रेशनचे गहू तिच्यावर, रॉकेलचा डबा तिच्यावर, अम्मीला दवाखान्यात न्यायचं तेही तिच्यावर, आणि आम्ही भावंडंही तिच्यावरच. मी पुढे दांडीवर, आपा मागे कॅरिअरवर, दोन्ही हँडलला पिशव्या. त्या काळी नाशकातच काय, सगळ्या महाराष्ट्रात असाच संसार सायकलवरून जात होता.

एका रविवारी आपाचा पाय मागच्या चाकात गेला. ती सात वर्षांची होती. उतारावर झोपेची डुलकी लागली, पाय आत वळला आणि स्पोकमध्ये अडकला. टाचेची चामडी सोलून निघाली. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं वर्णन नको, आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या टाचेवर ही खूण आजही सापडेल. आपाच्या पायावर आहे. अब्बांनी दुसऱ्याच दिवशी चाकाला जाळी बसवून घेतली, आणि त्यानंतर पोरांना कॅरिअरवर बसवणं बंद केलं. मग आम्हाला नेणार कसं? तर परतीच्या वेळी रिकाम्या पावाच्या पेटीत. झाकण उघडं ठेवून ते मला आत बसवायचे. पेटीला पावाचा वास, तळाशी चुरा, आणि पत्र्याच्या कडेवरून दिसणारं नाशिक. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा प्रवास कोणता, असं कुणी विचारलं तर मी विमानाचं नाव घेणार नाही.

पण अब्बांच्या मनात त्या पेटीचं सुख नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "मैं ढोया, तू मत ढो." मी शिकलो, शिक्षक झालो. पहिल्या पगारातून सायकल नाही, मोटारसायकल घेतली. त्या दिवशी अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. त्यांची सायकल काही वर्षांनी भंगारात गेली.

आता माझी गोष्ट. माझी धाकटी लेक चार वर्षांची होती तोवर आम्ही तिघं स्कुटीवरच फिरायचो. ती पुढे उभी, तिच्या पायांशी भाजीची पिशवी, हुकला दुसरी पिशवी, मागे बायको आणि तिच्या मांडीवर तिसरी. एकदा सारडा सर्कलच्या अलीकडे समोरच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. लेकीची हनुवटी स्पीडोमीटरवर आपटली. दोन दात हलले, ओठ फुटला. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. केंद्र सरकारने २०२२ साली नियम काढला आहे की चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाला जोडलेला पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. मी शिक्षक असून मला तो दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कळला. चाळीस वर्षांपूर्वी आपाच्या टाचेच्या वेळी अब्बा ज्या बाकावर बसले असतील, तसाच तो बाक.

त्याच महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला किंवा सायकल चालवायला सांगितलं. नाशकात सायकलला आता मान आहे, हे खरं. इथल्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. तेव्हापासून सकाळी गंगापूर रोडवर हेल्मेट घातलेले सायकलस्वार रांगेने दिसतात. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते. पण ही सायकल व्यायामाची, सकाळच्या दोन तासांची. कांदे, पीठ आणि पोरं वाहणारी सायकल मान मिळवायच्या आधीच रस्त्यावरून कमी झाली. मला ती दुसरी सायकल हवी होती.

इंटरनेटवर पाहिलं तर जग पुढे गेलेलं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली बर्ली ही कंपनी १९७८ पासून आहे आणि मुलांना न्यायच्या सायकल-ट्रेलरसाठी ती प्रसिद्ध आहे. डेन्मार्कमध्ये १९८४ साली एका लोहाराने बायकोसाठी पुढे मोठी पेटी असलेली तीनचाकी सायकल बनवली. आज कोपनहेगनमध्ये आईबाप अशा पेटीत पोरं घालून शाळेत सोडतात. युरोपात अशा ट्रेलरसाठी सुरक्षेचं वेगळं प्रमाणही आहे. पेटीत बसलेली ती गोरी पोरं पाहून मला हसू आलं. मी त्यांच्या आधी बसलो होतो, आणि माझ्या पेटीला पावाचा वास होता.

आपल्याकडेही विचार करणारी माणसं झाली. साताऱ्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारायचं काम केलं. गिअर, चांगले ब्रेक, ओढणाऱ्याच्या छातीवर कमी ताण. ओझं वाहणाऱ्या माणसाच्या देहाचा विचार करणारं तंत्रज्ञान आपल्या मातीतही होतं. ते घरोघर पोचलं नाही, ही गोष्ट वेगळी.

परदेशी ट्रेलरची किंमत पाहून मी फोन खाली ठेवला आणि वडाळा नाक्याजवळच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "हातगाडीच आहे ही. फक्त माणसाऐवजी सायकल लावायची."

गाडी कशी बनली ते सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत. लहान मुलांच्या जुन्या सायकलींची १६ इंची दोन चाकं घेतली. एक इंची चौकोनी पाइपची चौकट. चाकाचा आस एकाच बाजूने धरला तर खड्ड्यात वाकतो, म्हणून चाकाच्या बाहेरूनही पाइप फिरवून आस दोन्हीकडून धरला. तळाला प्लायवूड, त्यावर सामानासाठी कॅरेट. लेकीसाठी वेगळी बैठक, स्कुटीच्या जुन्या सीटचा फोम आणि अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडून आणलेला मोटारीचा पट्टा. वरून ताडपत्रीचं छत आणि दोन्ही बाजूंना जाळी, म्हणजे हात किंवा ओढणी चाकात जाणार नाही. ती जाळी बसवताना मला आपाची टाच आठवत होती. सगळं मिळून साडेचार हजार रुपये लागले. गाडीचं वजन भरलं १४ किलो.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे जोड. पहिल्यांदा आम्ही दांडा सीटच्या खांबाला लावला. दिसायला सोपं, पण ओढ उंचावरून येते आणि ब्रेक मारला की मागची गाडी सायकलला ढकलते, चाक घसरतं. मग दांडा खाली, मागच्या चाकाच्या आसाजवळ डाव्या बाजूला आणला. मध्ये जाड प्रेशर पाइपचा तुकडा घातला. तो सगळीकडे वाकतो, त्यामुळे सायकल आडवी पडली तरी गाडी उभी राहते. आणि तो तुकडा तुटलाच तर सोबत एक साखळी. ही साखळी कुणी विसरू नये.

गाडी घरी आणली तेव्हा बायको हसली, शेजारच्या भाभी हसल्या, लेक आत जाऊन बसली आणि उतरेना. अब्बा बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बच्ची को ठेले में फिराएगा?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्या रात्री ते जेवायला बसले नाहीत. अम्मीने सांगितलं, पोट बरं नाही. आम्हा दोघांनाही माहीत होतं की पोटाला काही झालेलं नाही.

मी त्यांना काय समजावणार होतो? कोपनहेगन? ज्याने तीस वर्षं ओझं ओढलं, त्याला ओझं ओढणं ही आवड असू शकते हे कसं पटावं? आपल्या समाजात हातगाडी, भंगार, पाव, पंक्चर हेच आपल्या वाट्याला आलेले धंदे. शिकलेल्या मुलाने पुन्हा गाडी ओढलेली पाहणं म्हणजे त्यांच्यासाठी त्यांचीच तीस वर्षं मागे फिरून येणं होतं.

पहिला महिना मी फक्त सामान नेलं. आणि बरं झालं. तिसऱ्या आठवड्यात १५ किलो कांदे-बटाटे आणि दहा किलो पीठ घेऊन येताना एका गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी उलटली. कारण साधं होतं. सायकल वळते तेव्हा मागची गाडी तिच्या मागोमाग जात नाही, ती वळणाच्या आतून कापत जाते. सायकल कडेच्या दगडाला चुकवून गेली, गाडीचं आतलं चाक दगडावर चढलं आणि सगळं आडवं. कांदे गटारापर्यंत गेले. दोन पोरांनी गोळा करून दिले. मी हसत त्यांचे आभार मानले, पण पिठाने पांढरी झालेली ती रिकामी बैठक आणि तिचा पट्टा पाहून माझे हातपाय गार पडले होते.

मी घरी हे कुणाला सांगितलं नाही. पण चौकटीला पोचा पडला होता आणि अब्बांची नजर अजून शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ते गाडीपाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, वजन मागे ठेवलंस. बैलगाडीवाल्याला विचार, माल मागे झाला की गाडी उलाळते. पेटी भरतानाही जड माल खाली आणि पुढे, हलकी खारी वर आणि मागे. त्यांनी बैठक चाकाच्या आसाच्या थोडी पुढे घ्यायला लावली. कांदे-पीठ तळाला, आसाच्या अगदी वर. दांड्यावर थोडं वजन यायला हवं, पण एका हाताने सहज उचलता येईल इतकंच. आणि वळताना कोपरा सोडून बाहेरून वळायचं, जसा ट्रकवाला वळतो. पुढे मी ट्रेलरच्या माहितीपुस्तिकांमध्ये नेमकं हेच वाचलं. अब्बांना ते पावाच्या पेटीने शिकवलं होतं. बोलून झाल्यावर उठले आणि म्हणाले, "फिर भी मुझे पसंद नहीं."

मग लेकीला घेऊन जायला लागलो. हेल्मेट, पट्टा, मागे दिवा, उंच काठीवर फडकं, कारण गाडी इतकी बुटकी आहे की चारचाकीवाल्याच्या काचेतून ती दिसतच नाही. रविवारी सकाळी आतल्या गल्ल्यांतून. ती आत बसून गाणी म्हणते, प्रत्येक गतिरोधकाला "या अल्लाह!" ओरडते आणि हसते.

एका संध्याकाळी पाऊस होता. ताडपत्री चहूबाजूंनी बंद केली होती. एका चौकात नाकाबंदी होती. हवालदाराने हात केला. दाढी, टोपी, सायकल आणि मागे झाकलेली पेटी. "काय आहे आत?" त्याचा आवाज साधा होता, हे मुद्दाम सांगतो. पण माझे हात थरथरले. मालेगाव आमच्याच जिल्ह्यात आहे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, शुक्रवार. कब्रस्तानाजवळ सायकलींना बांधलेले बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक नमाजला आलेली. आणि पकडले गेले तेही मुस्लिम तरुणच. नऊ जण. त्यांची वर्षं तुरुंगात गेली, आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांतला एकजण या जगात राहिला नव्हता. त्या काळात आमच्यातल्या कितीतरी लोकांनी सायकलला पेटी बांधणं सोडलं. अब्बांनी तेव्हाच सोडलं होतं का? मी कधी विचारलं नाही.

मी ताडपत्री उचलायच्या आधीच आतून आवाज आला, "पप्पा, पोचलो का?" हवालदार वाकला, आत पाहिलं आणि हसला. म्हणाला, "माझीही एवढीच आहे. पण सर, मागचा दिवा पावसात दिसत नाही, मोठा लावा." मी दुसऱ्या दिवशी मोठा दिवा लावला. घरी जाताना विचार करत होतो की त्याने काहीच चुकीचं केलं नाही आणि मीही नाही. मग थरथरलं ते काय होतं? ते मी त्याच्यावर टाकू शकत नाही, आणि स्वतःवर घ्यायलाही तयार नाही. आता मी ताडपत्रीला दोन्हीकडून पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या लावल्या आहेत. लेकीला पाऊस दिसावा म्हणून. आणि बाहेरच्यांना लेक दिसावी म्हणूनही, हे लपवण्यात अर्थ नाही.

तुम्हीही अशी गाडी करावी का? सामानासाठी, जरूर करा. आठवड्याचा २५-३० किलो बाजार एका खेपेत येतो, हँडलला पिशव्या लटकत नाहीत, तोल जात नाही. मुलांच्या बाबतीत मी हात राखून बोलेन. द्वारका चौकातून मी लेकीला कधीच नेत नाही. महामार्गाच्या कडेने नाही, अंधारात नाही, खड्ड्यांच्या दिवसांत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नाही, त्याची मान धक्के सोसत नाही. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, म्हणून उतारावर हळू. म्हणजे गाडी तयार आहे, रस्ता तयार नाही. १८८९ साली याच शहरात नाशिकरोड स्टेशनपासून मेन रोडपर्यंत घोड्यांची ट्राम धावत होती. चार घोडे, मागे दोन डबे. त्या काळात ओढायच्या डब्यासाठी या शहराने रस्त्यावर जागा करून दिली होती. आता एका चार वर्षांच्या मुलीच्या डब्यासाठी कडेची तीन फूट जागा मागायची, तर कुणाकडे मागायची?

गेल्या महिन्यात एका दुपारी घरी आलो तर अंगणात गाडी नव्हती आणि माझी सायकलही नव्हती. बायको म्हणाली, "अब्बा पिठाच्या गिरणीत गेलेत." मी धावतच बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी ते दिसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, सायकलवर बसलेले नाहीत, हँडल धरून पायी ढकलत येत होते, जसे नदीवरून वर येताना यायचे. मागे गाडीत दळणाचा डबा आसाच्या बरोबर वर, पुढे बैठकीत नात, पट्टा लावलेला, हेल्मेट घातलेलं. ती त्यांना काहीतरी विचारत होती आणि ते मान मागे न वळवता उत्तर देत होते.

मला पाहून थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "डाव्या चाकात हवा कमी आहे. किती दिवस पाहिलं नाहीस?"

मी पंप आणायला आत गेलो.